दहा फूट मागे

रविवारी ओहोटी साडेतीनला.
म्हणजे चारच्या सुमाराला माझा फोन वाजणार.
गोराईच्या वाळूकडे वळणाऱ्या वाटेवर पाटी आहे:
वाहने नेण्यास मनाई.
माझं पोट त्या पाटीच्या पुढच्या शंभर पावलांवर चालतं.

आज कांदिवलीची गाडी. पांढरी, कोरी,
पाठीवर चकचकीत अक्षरांत फोर बाय फोर,
आणि पोट वाळूला टेकलेलं.
नाबर नावाचा मुलगा अजून रेस देतोय.
मागच्या सीटवर त्याची आई,
मांडीवर टरबूज, समुद्राकडे पाठ.

म्हटलं, बाळा, विहीर खणायची आहे का?
इंजिन बंद झालं.

मी आत डोकावलो. गिअरच्या शेजारी दुसरा, बुटका दांडा.
"हा कधी टाकलास?"
"घर सोडलं तेव्हाच. सेफ्टी म्हणून."
म्हणजे दहिसर, भाईंदर, उत्तन,
सगळं कोरडं डांबर
चारी चाकं एकमेकांना बांधून.
"वळताना टायर ओरडले नाहीत?"
"वाटलं, नवीन आहेत."
"हवा?"
"पस्तीस."
"आणि रुतल्यावर?"
"फोर-एल. त्यात जास्त ताकद असते ना?"
असते की.
त्याच ताकदीने चार खड्डे पाडलेत.

माझा बाप पास्कल मासळीची जीप चालवायचा.
पाचवीत होतो तेव्हा त्याने दोन काड्या सुतळीने बांधून दाखवलं:
वळणावर पुढची चाकं लांबून जातात, मागची जवळून.
वाळूत घसरून हिशेब मिटवतात.
डांबरावर घसरायला जागा नाही, मग पीळ आत जातो,
लोखंडात बसून राहतो, दिसत नाही.
म्हणून कोरड्यावर दोनच चाकं.
वाळू दिसली की फोर-एच, रुतायच्या आधी,
रुतल्यावर तो फक्त पश्चात्ताप.
आणि फोर-एल टाकायचा तर थांबायचं, न्यूट्रल, क्लच पूर्ण खाली;
तो होडी ओढायला, चढाला, उताराला.
घाईच्या माणसासाठी नाहीच तो.

टायरची हवा अठरावर आणली. बराच वेळ सुस्कारा.
मोडक्या होडीच्या फळ्या चाकांखाली,
नाबरच्या हातात फावडं (उलटं धरलं होतं),
माझी जीप, दोर, लो.
आईने टरबूज उराशी धरलं
आणि गाडी म्हशीसारखी, नाइलाजाने, उठली.

खरी गंमत डांबरावर.
दांडा टू-एचला येईना.
सकाळपासूनचा पीळ होता तो.
दोन्ही हातांनी ओढतोय, कानाच्या पाळ्या लाल.
म्हटलं, ओढू नकोस, मोडेल.
रिव्हर्स टाक.
स्टिअरिंग सरळ.
दहा फूट मागे जा.
"मागे? का?"
जा तर.

गेला. कुठेतरी खाली, खट्.
मग दांडा दोन बोटांनी आला,
लोण्यातून सुरी यावी तसा.
आईने विचारलं, "एवढंच होतं?"

पंधराशे ठरले होते, बाराशे मिळाले
आणि अर्धं टरबूज, तिच्याच हातून.

विल्फी, माझा धाकटा, वसईला असतो.
कंपाउंडच्या भिंतीचं निमित्त, सहा वर्षं झाली.
वीतभर जागा.
जिंकलो मीच.

माझ्या दांड्यावरची अक्षरं केव्हाच पुसली गेलीत,
हाताला ठाऊक आहे.
अंधार पडला. एल्विनाला गोड चालत नाही,
शेजारच्या सीटवर अर्धं टरबूज, मुंग्या लागायच्या आत
कोणाला तरी द्यायला हवं.
उजवीकडे मनोरी, घर.
डावीकडे उत्तनचा रस्ता, पुढे भाईंदर, पुढे खाडी.
नाक्यावर थांबलो. मागे कोणी नव्हतं.
रिव्हर्सची लाईट लागते का,
उगाच एकदा
उतरून पाहिलं.